बांगडी आली का?

साऱ्या पुण्यात गाणं ऐकणारे लोक लाखांनी सापडतील, पण गाणं सुरू होण्याआधीची शांतता ऐकणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यात निघाला. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. आमच्या लग्नात त्यांनी आहेर काय केला ते आता आठवत नाही, पण अक्षता पडल्यावर सगळी मंडळी पाया पडण्यात आणि पडून घेण्यात गुंतली असताना हे गृहस्थ मांडवाच्या कोपऱ्यात लाउडस्पीकरच्या कर्ण्यात डोकं घालून उभे होते, एवढं मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. नंतर ते माझ्याजवळ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तिसऱ्या मंगलाष्टकापासून तुमचे गुरुजी फाटत होते. म्हणजे गुरुजी बरे होते, कर्णा फाटत होता. सुखाने संसार करा." एवढा आशीर्वाद देऊन ते जेवायला गेले.

मामांचा कान हा आमच्या सासुरवाडीत अभिमानाचा विषय होता. दुसऱ्या घरांत जमीनजुमल्याबद्दल बोलतात तसं या घरात मामांच्या कानाबद्दल बोलत. चिंचवडला इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेलं इंजिन चालू करायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि आत कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. साहेब लोक कागद काढून डोकं खाजवत बसत, तोवर हे "डावीकडून दुसरं" एवढंच सांगून चहाला गेलेले असत. इंजिन उघडलं की डावीकडून दुसरंच निघे. ही सवय कारखान्याच्या फाटकाबाहेरही सुटत नसे. माझी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की ते वरच्या गॅलरीतून "क्लचची केबल या आठवड्यात जाणार" असं भविष्य सांगत, आणि ती जाई. एकदा भाऊबीजेला ओवाळून उठणाऱ्या माझ्या सासूबाईंना त्यांनी "ताई, तुझा डावा गुडघा वाजतोय" असं सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई चार दिवस रुसल्या आणि पाचव्या दिवशी निमूटपणे हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या.

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर मामांचा, स्वयंपाकघर सोडून, दोन खोल्यांचा फ्लॅट होता. त्यातली बाहेरची खोली यंत्रांची, आणि आतली खोली मामा, मामी, कपाट, गाद्या, देव आणि येणारे-जाणारे पाहुणे यांची. दर रविवारी सकाळी नऊला बाहेरच्या खोलीत 'श्रवण' असे. श्रवणाला बसायचं म्हणजे आधी घर गप्प करावं लागे. पंखा बंद, कारण तो घरघरतो. ट्यूबलाइट बंद, कारण तिचा चोक गुणगुणतो. फ्रीज बंद, त्यामुळे मामींच्या घरी रविवारी दुपारचं दही हे सकाळी दूध असे. कुकरला बंदी, म्हणून वरण पातेल्यात शिजे आणि जेवायला दोन वाजत. दाराच्या घंटेची वायर काढलेली. आलेल्या माणसाने मनगटी घड्याळ काढून द्यायचं, ते मामी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ठेवत. पुण्यात राहूनही मामांनी दारावर सूचनेची पाटी मात्र कधी लावली नाही, कारण पाटी लावली की लोक ती मोठ्याने वाचतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. खोलीच्या मध्यभागी एकच खुर्ची, तिच्या चारी पायांच्या जागी फरशीवर ऑइलपेंटने खुणा केलेल्या. खुर्चीवर मामा, बाकीचे सतरंजीवर. एप्रिलमधल्या एका श्रवणात मी बिचकत रुमाल काढला, तेव्हा मामा डोळे न उघडता म्हणाले, "घाम पुसायला हरकत नाही, जावईबापू. पण रुमाल सुती असेल तरच. टेरिकॉट वाजतो."

एवढी तयारी केल्यावर गाणं तरी पोटभर ऐकायला मिळावं, तर तेही नाही. मामांकडे मोठ्या चकत्यांचा एक जुना टेपरेकॉर्डर होता आणि त्यावर त्यांनी स्वतः ऐन तारुण्यात उतरवून घेतलेली एका बैठकीची टेप होती. गाणारे बुवा त्याच पेठेतल्या एका शाळेत गायन शिकवणारे, बैठक कुणाच्या तरी दिवाणखान्यातली, राग यमन. ही टेप लागायची, साधारण चार मिनिटं चालायची, आणि तिसरं मिनिट संपता संपता, बुवा पहिल्यांदा वरच्या षड्जाला हात लावून खाली येतात त्या फटीत, मामा एक बोट वर करायचे. त्या क्षणी टेपमध्ये श्रोत्यांतल्या कुणा बाईच्या काचेच्या बांगड्या एकदाच, अगदी पुसट किणकिणतात. ती किणकिण नीट आली तर यंत्र ठीक, नाही तर टेप थांबवून मामा स्क्रू-ड्रायव्हर काढत. बुवांचं पुढचं दीड तासाचं गाणं कसं होतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा एकदा भेटला तेव्हा मी "तुमच्या वडिलांची पहिली चार मिनिटं फार सुरेख" असं सांगून बसलो आणि तो का दुखावला हे मला घरी आल्यावर कळलं.

माझी आणि त्या बांगडीची गाठ लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी पडली. नवा जावई म्हणून मला सतरंजीवर पुढची जागा मिळाली होती. टेप लागली. तंबोरे, बुवांचं खाकरणं, ठेका. मला काय ऐकायचं आहे ते आधी सांगून ठेवलं होतं, आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही तर सासुरवाडीत नाचक्की होईल या धास्तीने मी कानांत प्राण आणून बसलो होतो. मामांनी मान किंचित वळवून विचारलं, "आली?" मी म्हणालो, "वा! स्पष्ट आली!" मामांनी टेप थांबवली. "अजून पावणेदोन मिनिटं आहेत," मामा म्हणाले. मागे स्वयंपाकघराच्या दारात मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि माझी नवी कोरी बायको जमिनीकडे बघत होती. त्या दिवसापासून मामांच्या दफ्तरी माझी नोंद 'होला हो करणारा' अशी झाली, आणि या एका खोट्याची फेड मला पुढे भलत्याच ठिकाणी करावी लागली.

आमचं लग्न झालं त्याच सुमारास परदेशी मालाला देशाची दारं उघडली. बाकीच्यांच्या घरी त्या दारातून कोल्ड्रिंक आलं, रंगीत टीव्हीवर चाळीस वाहिन्या आल्या, मामांच्या घरी अँप्लिफायर आले. तोवर ते बुधवार पेठेतल्या गल्लीतून सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने यंत्रं जुळवत. आता लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत थेट खोक्यातून उतरलेले स्पीकर दिसू लागले. मामा बँकेत जाऊन यावं तसं आठवड्यातून एकदा तिथे जाऊन येत. नवा स्पीकर घरी आला की पहिला महिना स्वर्ग. दुसऱ्या महिन्यात "खालचा आवाज जरा जड आहे." तिसऱ्या महिन्यात दोष स्पीकरचा नसून वायरीचा आहे असं निष्पन्न होई आणि मनगटाएवढी जाड वायर येई. वायरीनंतर स्टँड. लोखंडी स्टँड घणघणतात म्हणून मामांनी कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन स्पीकरखाली ठेवायला तांब्याच्या दोन जाड चकत्या ठोकून घेतल्या. तो तांबट म्हातारा पिढ्यान्‌पिढ्या बंब आणि घंगाळी करत आलेला. चकती वाजवून बघत असलेल्या मामांना त्याने विचारलं, "साहेब, हिच्यात पाणी तापवायचं का जेवायचं?" मामा म्हणाले, "हिच्यात काहीच करायचं नाही. हिने फक्त गप्प बसायचं." म्हातारा म्हणाला, "मग ठोकायची तरी कशाला?" हा प्रश्न मामींनी पुढे कित्येक वर्षं जपून ठेवला आणि प्रत्येक नव्या खोक्याच्या वेळी वापरला.

भिंतींवरून आवाज परततो हा शोध लागल्यावर मार्केट यार्डाची पाळी आली. तिथल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या टेम्पोचं दुखणं मामांनी रस्त्याने जाता जाता कानाने ओळखलं होतं. त्या उपकारापोटी त्याने साठ-सत्तर रिकामी पोती पाठवली. ती तिसऱ्या मजल्यावर आणणारा हमाल धापा टाकत म्हणाला, "काका, लोकं भरलेली पोती घरात घेत्यात. ही रिकामी घेऊन काय करायचं हाय?" मामा म्हणाले, "यांत शांतता भरायची आहे." हमालाने एकदा मामांकडे, एकदा मामींकडे बघितलं आणि पाणी मागितलं. पोती चारी भिंतींवर टांगली, आवाज खरोखरच सुधारला, आणि चौथ्या दिवशी कळलं की त्यातली निम्मी पोती गुळाच्या ढेपांची आहेत. साऱ्या सदाशिव पेठेतल्या मुंग्या श्रवणाला आल्या. त्या अँप्लिफायरच्या उबेला आत शिरल्या आणि स्पीकरमधून बारीक चुरचुर येऊ लागली. मामींनी हळदीचा डबा उचलला, पण मामा खुर्चीवर हरखून बसले होते. "अगं थांब, हळद टाकू नकोस! मुंगी चालते तीसुद्धा ऐकू येतेय! काय स्पीकर आहे!" त्या रविवारी आम्ही वीस मिनिटं मुंग्या ऐकल्या.

मामी श्रवणाला कधी बसत नसत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट घेऊन त्या भाजी निवडत. मामा दर रविवारी एकदा तिकडे तोंड करून विचारत, "कसं वाटतंय?" आणि मामी दर रविवारी उत्तर देत, "मला मेलीला सगळं सारखंच." हे उत्तर ऐकून मामा 'या घरात माझी कदर नाही' असा चेहरा करून वळत आणि मला मामींची दया येई. बिचारीला गाण्यातलं काही कळत नाही, नवऱ्याच्या नादापायी उकाड्यात बसते, असं मी धरून चाललो होतो. एका रविवारी तांदळाच्या डब्यातून घड्याळ परत घ्यायला मी आत गेलो आणि सहज म्हणालो, "मामी, ती बांगडीवाली बाई कोण असेल हो? तिला कल्पना तरी आहे का, की तिच्या हातापायी एवढा खर्च चाललाय?" मामींनी पालकाची जुडी सोडली, हात पुसले आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "ही काय," त्या म्हणाल्या.

मग भाजी निवडता निवडता त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या. शेजारणीबरोबर बैठकीला गेलेल्या. मामांनी माइक नेमका बायकांच्या बाजूला ठेवलेला. गुडघ्यावर डास बसला म्हणून मामींनी हात उचलला. बैठक संपल्यावर एक किडकिडीत माणूस तरातरा आला आणि म्हणाला, "तुमच्या बांगड्यांनी माझी टेप खराब केली." मामींनी उत्तर दिलं, "मग डासाला सांगायचं होतं ना." दोन महिन्यांनी त्याच माणसाचं स्थळ आलं. "लग्नानंतर म्हणाले, टेपेतला तेवढा तुकडा कापून टाकतो," मामी सांगत होत्या. "महिनाभर कात्री घेऊन बसले होते. नाही कापवला. पुढे म्हणाले, हा तुकडा ऐकू येईल असं यंत्र करतो. तेव्हापासून चाललंय हे." मी विचारलं, "मग तुम्ही ऐकायला का बसत नाही?" त्या म्हणाल्या, "माझी बांगडी मी कशाला ऐकायची? ती माझ्या हातात आहे की." मला त्या दिवशी मामा पहिल्यांदा खरोखर आवडले.

पुढे कारखान्याचा परदेशी कंपनीशी करार झाला आणि एक यंत्र आलं. इंजिनाला चार वायरी लावायच्या, की आतलं काय बिघडलंय ते पडद्यावर आकड्यांत दिसे. मामा पहिल्या दिवशी त्या यंत्राशी पैज लावून जिंकले, आठवड्याने बरोबरीत सुटले, आणि वर्षभरात त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. निरोपसमारंभात त्यांना घड्याळ दिलं. "टिकटिकतं," एवढं म्हणून त्यांनी ते घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवलं. ते कधी बाहेर निघालं नाही. आता रविवारचं श्रवण रोजचं झालं. आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच मामा म्हणू लागले, "वरचं काहीतरी कमी पडतंय."

वरचं म्हणजे बारीक, उंच आवाज. झांजेचं, तारेचं, बांगडीचं. ते काढणारा जो छोटा स्पीकर असतो तो त्यांनी बदलला. मग वायर बदलली. मग पोती काढली, कारण पोती वरचा आवाज पितात. तांब्याच्या चकत्या काढून शिसवी आणल्या, शिसवी काढून पुन्हा तांब्याच्या बसवल्या. जर्मन स्पीकर गेला, जपानी आला, तो गेला आणि ओळखीच्या माणसाने विलायतेहून हातात धरून आणलेला एक आला. त्या दिवशी मामांनी टेप लावली. पंखा बंद, फ्रीज बंद, मी सतरंजीवर. तिसरं मिनिट संपत आलं, बुवा वर जाऊन खाली आले, आणि ती बांगडी अशी काही किणकिणली की मी दचकून मागे उंबऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं पुसट येणारी, आज हाताच्या अंतरावर. मामांनी बोट वर केलेलंच नव्हतं. ते कपाळाला आठ्या घालून बसले होते. "नाही," ते म्हणाले, "गेलीच."

"मामा, आली की! स्पष्ट आली!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी खुर्चीजवळ बसून निखळ खरं बोलत होतो. मामांनी माझ्याकडे मायेने बघितलं. "जावईबापू, इतकी वर्षं झाली, पण तुमची सवय काही जात नाही," ते म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठले. मी उंबऱ्याकडे बघितलं. मामी विळीवर हात तसाच ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मला नुसती मान हलवून गप्प राहायला सांगितलं.

घड्याळ घ्यायला आत गेलो तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं. "मला ठाऊक आहे," त्या हळू म्हणाल्या. "दूधवाल्याच्या सायकलची घंटा त्यांना येत नाही. फोन वाजला की मी उठते तेव्हा ते उठतात. परवा मी खाली गेले होते तेव्हा त्यांनी कुकर लावला. जिना चढताना मी सहा शिट्या मोजल्या, आणि हे त्याच्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते." मी म्हणालो, "मग डॉक्टरकडे..." मामींनी मला पुढे बोलू दिलं नाही. "कारखान्यातला कान त्या यंत्राने नेला. घरातला तरी राहू दे. बदलू देत वायरी. माझं काय जातंय? दही तर आमच्याकडे असंही लवकर लागतं." त्या हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते. त्या रविवारपासून मी आणि माझी बायको दोघंही त्या कटात सामील झालो. मामा "गेली" म्हणाले की आम्ही "गेली खरी" म्हणू लागलो. खरं ऐकू येत असताना न आल्यासारखं करणं हे न येता आल्यासारखं करण्याहून फार कठीण असतं.

हे आणखी चार-पाच वर्षं चाललं असतं, पण वरच्या मजल्यावर वर्ध्याची एक इंजिनिअर मुलगी भाड्याने राहायला आली. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करायची. मामी तिला डबा देत आणि ती मामांचा मोबाइल दुरुस्त करून देई. पाच हजार गाणी करंगळीएवढ्या डबीत मावतात हे तिने सांगितल्यावर मामा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते, पण मुलगी गोड होती. एका रविवारी मामा तिच्यापुढे टेपेचं रडगाणं गायले. ती म्हणाली, "काका, टेंशन कायले घेता? टेप कॉम्प्युटरवर घेऊ नं. आवाज स्क्रीनवर दिसते. काय मिसिंग आहे ते लगेच समजून जाईल." यंत्राने नोकरी घालवलेल्या माणसाला हे रुचायला नको होतं, पण अडला हरी. मामींनी मला डोळ्यांनी खुणावलं, मीही "राहू द्या हो, पुढच्या आठवड्यात बघू" वगैरे बडबडलो. मामा म्हणाले, "जावईबापू, आज निकाल लागू द्या. माझी टेप मेली आहे की हे विलायती खोकं चोर आहे, ते एकदा मला कळू दे."

तिने टेपरेकॉर्डरची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर हिरवी रेघ थरथरत पुढे जाऊ लागली. बुवांचा आवाज म्हणजे डोंगर, तंबोरा म्हणजे खालची झुडपं. मामा खुर्ची सोडून, खुणांच्या बाहेर येऊन, पडद्याजवळ उकिडवे बसले होते. तिसरं मिनिट संपत आलं. बुवा खाली आले, आणि त्या सपाट फटीत एकदम तीन बारीक सुया उभ्या राहिल्या. त्याच क्षणी आम्हा सगळ्यांना बांगडी ऐकू आली. "हे पाहा काका! एवढे दिवस काय शोधून राहिले तुम्ही? इथंच तर आहे!" मुलगी आनंदाने म्हणाली. मामा सुयांकडे बघत राहिले. "परत लाव," ते म्हणाले. तिने लावलं. "परत." असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

"तुला ऐकू आली?" त्यांनी मुलीला विचारलं. "आली नं काका. एकदम क्लिअर." ती ना नात्यातली, ना भिडेतली. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हालाही?" मी मान खाली घातली. "केव्हापासून?" उत्तर उंबऱ्यातून आलं. "पाच वर्षं होतील आता," मामी म्हणाल्या. मामा सावकाश उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी फ्रीज चालू केला. "दूध नासेल," ते म्हणाले.

पुढचा महिना त्या घराने पहिल्यांदाच इतर घरांसारखा काढला. पंखा फिरत होता, कुकर शिट्या मारत होता, बारा वाजता जेवण होत होतं. मी गेलो की मामा म्हणत, "पंखा वाढवा, जावईबापू, उकडतंय," आणि मी निमूटपणे उठून बटण फिरवी. यंत्रांवर मामींनी जुनं धुतलेलं लुगडं टाकलं होतं. कानांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. कारखान्यात तीस वर्षं धडधडणाऱ्या इंजिनांना स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीतून कान लावले, त्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीसाठी मामांना एका लहानशा बंद खोलीत बसवलं. आत काही ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही म्हणून तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं, तर मामा भिंतीवरून हात फिरवत होते. "काय खोली आहे!" ते मला म्हणाले. "अशी शांतता मी जन्मात ऐकली नाही. कुणी करून दिली विचारा. पोती नाहीत, काही नाही." महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता, म्हणून मी खरंच विचारून घेतलं. कानात घालायचं यंत्र मिळालं, ते त्यांनी भाजीवाले आणि नातेवाईक यांच्यासाठी राखून ठेवलं. त्यातून बांगडी येते का, असं मी एकदा भीतभीत विचारलं. "येते," मामा म्हणाले. "पण ती बांगडी नव्हे. चमचा आहे."

त्यानंतर एका शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या नऊला या. घड्याळ काढून." आम्ही दोघं गेलो. लुगडं काढलेलं होतं, यंत्रं पुसलेली होती, फ्रीज गप्प होता. फरशीवरच्या ऑइलपेंटच्या खुणांच्या शेजारी आज दुसरी एक खुर्ची होती आणि तिच्यावर मामी बसल्या होत्या. उंबऱ्यात भाजी नव्हती. मामांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, टेप लावली आणि खुर्चीवर बसून हात मांडीवर ठेवला. मामींनी आपला हात त्यांच्या मनगटावर ठेवला. काचेच्या हिरव्या बांगड्या, बहुधा नव्या भरलेल्या. तंबोरे लागले, बुवा खाकरले, ठेका सुरू झाला. मामांनी डोळे मिटले होते. बुवा वर गेले. बुवा खाली आले. मामींच्या बोटांनी मामांच्या मनगटावर अलगद दाबलं, आणि मामांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

"आली," ते म्हणाले. मग मान किंचित वळवून, त्या पहिल्या रविवारी विचारलं होतं तसंच विचारलं, "काय जावईबापू, आली?"

खरं सांगायचं तर मी त्या दोन हातांकडे इतका बघत राहिलो होतो, की टेपमधली बांगडी केव्हा वाजून गेली ते मला कळलंच नव्हतं. मी म्हणालो, "वा, मामा. स्पष्ट आली."

मामांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि मान डोलावली. त्यांनी टेप थांबवली नाही. त्या दिवशी आम्ही बुवांचं पुढचं गाणं पहिल्यांदा ऐकलं, शेवटपर्यंत.